सोलापुरात ऑनलाइन घर शोधताना आलेले अनुभव: तुमचेही लिहा

आमचं बाळीवेसेतलं घर जुनं आहे. जिना अरुंद, पायऱ्या उंच. अप्पांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं खाली उतरणं जवळजवळ बंदच झालंय. म्हणून जुळे सोलापूर नाहीतर होटगी रोडला तळमजल्याचं भाड्याचं घर बघतोय. मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे सगळी शोधाशोध मोबाइलवर. चार महिने झाले, अजून घर नाही.

'तळमजला' निवडलं तरी निम्म्या जाहिराती पहिल्या मजल्याच्या येतात. खाली पार्किंग असलं की त्याच्या वरच्या मजल्यालाच ग्राउंड म्हणून टाकतात, आणि लिफ्ट नसते. एकदा फोनवर "आहे, या" ऐकून शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आले. शनिवारी सकाळी फोन लावला तर "काल रात्रीच टोकन झालं". मागच्या आठवड्यात एका फ्लॅटचे फोटो फार आवडले. खाली 'आज टाकली' असं लिहिलेलं. ओटा किती उंच आहे ते बघायला फोटो मोठा केला, तर खिडकीशेजारी भिंतीवर कॅलेंडर दिसलं. डिसेंबर २०१९.

तुमचे अनुभव सांगा. भाडं, खरेदी, विक्री, प्लॉट, काहीही चालेल. कुणा कंपनीचं नाव नको. काय बिघडलं आणि मग तुम्ही काय केलंत, एवढं लिहा. लांबून शोधणाऱ्याला त्याचा फार आधार होतो.

सैफुलवरून

विजापूर रोड असं टाइप केलं की आमच्या फोनवरचं ॲप थेट कर्नाटकात नेतं. विजापूरचं २०१४ पासून विजयपुरा झालं, ॲपला तेवढं माहीत आहे. पण सोलापुरात विजापूर रोड नावाचा भाग आहे आणि तिथे हजारो लोक राहतात, हे त्याला माहीत नाही. शंभर किलोमीटरवरची घरं दाखवतं. जुळे सोलापूरचंही तसंच. कुणी 'जुले' लिहितं, कुणी 'झुले', आणि प्रत्येक स्पेलिंगला वेगळ्या जाहिराती निघतात. मी तिन्ही टाकून बघते. भाग १ की भाग २ ते फोनवरच विचारावं लागतं.

अशोक चौक, पूर्व भाग

वडिलांनी बांधलेलं घर विकायचं आहे. खाली चार माग, मागे सूत ठेवायची खोली, वर राहणं. पूर्व भागात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. सोलापूरची चादर आणि टॉवेल यातूनच बाहेर पडले. जाहिरात टाकायला बसलो तर पहिलाच प्रश्न: निवासी की व्यावसायिक? दोन्ही निवडता येत नाही.

निवासी टाकलं तर लोक येऊन माग बघतात आणि आवाजाचं विचारून निघून जातात. व्यावसायिक टाकलं तर दुकानाचा गाळा शोधणारे फोन करतात. औद्योगिक टाकलं तर आमचं घर चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडच्या रांगेत जाऊन बसलं. ज्याला हे घर खरंच हवंय, म्हणजे स्वतःचे दोन-चार माग चालवून वर राहणारा माणूस, त्याला ते कुठल्याच यादीत दिसत नाही. मागासाठी घेतलेलं वेगळं वीज कनेक्शन हा आमच्या घराचा मोठा गुण. तो लिहायला जागाच नाही, 'इतर माहिती'त टाकला तर कुणी वाचत नाही. बेडरूम किती, बाल्कनी किती, मॉड्युलर किचन आहे का, हे मात्र सगळं विचारतं.

हे घर पुण्या-मुंबईच्या रकान्यात बसत नाही म्हणून ते कमी किमतीचं ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं. दोन पिढ्यांचं पोट त्याच्यावर चाललं. शेवटी आता नात्यातल्याच एका कुटुंबाशी बोलणं चालू आहे.

एजंट आहे, तरी लिहितो

मालक, चूक आमचीही आहे, ती आधी कबूल करतो. फ्लॅट गेला तरी जाहिरात काढत नाही, कारण त्यावर फोन येत राहतात. आलेल्या माणसाला दुसरं काहीतरी दाखवता येतं. मी हे बंद केलंय, पण बाजारात सर्रास चालतं.

दुसरी बाजूही ऐका. घरमालक एकच फ्लॅट पाच एजंटांना सांगतो. पाचही जण टाकतात, प्रत्येकाचा भाव वेगळा. तिसऱ्याने तो देऊन टाकला तर उरलेल्या चौघांना कुणी कळवत नाही. आणि तुम्ही एका जाहिरातीसाठी नंबर टाकता, तो एकट्या मला मिळत नाही, पैसे भरलेल्या बाकीच्यांनाही जातो. म्हणून तुम्हाला दिवसाला दहा फोन. माझं ऐकाल तर 'आजचा व्हिडिओ पाठवा, त्यात दारावरचा नंबर आणि बाहेरचा रस्ता दिसू द्या' असं सांगा. फ्लॅट खरंच असेल तर दहा मिनिटांत येतो.

प्लॉट घेताना वाचलो

'अक्कलकोट रोड टच, शहरापासून पाच मिनिटं, क्लिअर टायटल.' नकाशावरची खूण एमआयडीसीपाशी. प्रत्यक्षात वळसंगच्याही पुढे, आणि रस्त्यापासून आत बैलगाडीची वाट. भाव स्क्वेअर फुटावर लिहिलेला होता, जागेवर गेल्यावर बोलणं गुंठ्यावर आलं. १ गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, तिथेच उभं राहून गुणाकार केला तर रक्कम जमेना.

गट नंबर घेऊन घरी आलो आणि १५ रुपये भरून डिजिटल सात-बारा काढला. भोगवटादार वर्ग २. म्हणजे परवानगीशिवाय विकताच येत नाही. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, वर पाच वारसांची नावं. ॲपवर त्या जाहिरातीला हिरवी खूण होती, 'पडताळणी झालेली'. विचारल्यावर कळलं की पडताळणी फक्त जाहिरात टाकणाऱ्याच्या मोबाइल नंबरची झालेली असते. ही हिरवी खूण बघून माझ्या मेहुण्याने टोकन द्यायची तयारी केली होती. कृपा करून कुणी त्या खुणेवर पैसे देऊ नका. आधी सात-बारा, फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याची नोंद), जमीन बिगरशेती (एनए) झाल्याचा कागद, मंजूर लेआउट.

शिफ्ट ड्युटी करणारी नर्स

'बॅचलर चालतील' असं निवडून सात ठिकाणी फोन केले. पाच ठिकाणी "फक्त फॅमिली". सहाव्या बाईंनी घर दाखवायचं ठरवलं आणि शेवटी विचारलं, "आडनाव काय?" ते सांगितल्यावर दुपारी फोन लागला नाही, अजून लागलेला नाही. जाहिरातीत तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. रात्रपाळी करून सकाळी आठला घर बघायला जायचं आणि असं ऐकायचं, याने माणूस आतून थकतो. आता वॉर्डातल्या मावशींच्या ओळखीने कुमठा नाक्याजवळ खोली मिळाली आहे.

होटगी रोड, नवीन फ्लॅट

जाहिरातीत १०५० स्क्वेअर फूट. करारात कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा, ७२०. नव्या प्रकल्पाचा महारेरा (प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर जाहिरातीत द्यावाच लागतो, तो महारेराच्या साइटवर टाकला की खरा कार्पेट दिसतो. मी हे उशिरा केलं.

मजरेवाडी

सगळ्यांचं वाचलं. पाण्याचं कुणीच कसं लिहिलं नाही? सोलापुरात घर बघताना माझी आई पहिला प्रश्न विचारते, पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता सुटतं? ॲपमध्ये 'पाणी २४ तास' एवढा एकच चौकोन आहे आणि प्रत्येक जाहिरातीत त्यावर टिक. आम्ही राहायला आलो तो फ्लॅटही '२४ तास'वाला. पाणी उजनीचं, आमच्याकडे येतं पाच दिवसांआड, तेही कधी पहाटे तीनला. २४ तास म्हणजे बोअरचं पाणी नळाला, हे सामान लावून झाल्यावर कळलं. एप्रिलमध्ये बोअर आटली. आठ फ्लॅटना मिळून हौद दहा हजार लिटरचा. तिसऱ्या दिवशी तळ दिसायचा, मग टँकर. घरटी वर्गणी काढून महिन्याला चार-पाच टँकर घेतले.

आता कुणी घर बघायला बोलावलं की मी आधी हौदाचं झाकण उघडायला लावते. आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते बघते. रेघ खालीच असेल तर हौद कधी भरतच नाही. फ्लॅट किती, हौद किती लिटरचा, वर टाकी सगळ्यांची एक की वेगळी, आणि मागच्या मेमध्ये टँकर किती आले, हे शेजारच्या बाईंना विचारते, मालकाला नाही.

बाळीवेस, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटदादांनी सांगितलं तसं काल तिघांना आजचा व्हिडिओ मागितला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने पाठवला: आसरा चौकाच्या मागे, खरोखरचा तळमजला, दाराशी फक्त एक पायरी. मजरेवाडीच्या ताई, हौदाचं झाकण व्हिडिओत दिसतंय पण बंद आहे. रविवारी अप्पांना रिक्षाने घेऊन जाणार आहे, तेव्हा उघडायला सांगते.