पुणे–नागपूर दिवाळीचं तिकीट: एकाला एक भाव, चौघांना दुसरा. हे काय गणित आहे?

खामला_चौक
पुण्याहून नागपूरला दिवाळीसाठी चार तिकिटं काढायची आहेत. दोघं मोठे, कॉलेजातला मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. जायचं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, परत भाऊबीजेनंतर. तारखा एखाद-दोन दिवस मागेपुढे चालतील.

१) एका माणसासाठी पाहिलं की भाडं कमी दिसते, चौघांसाठी पाहिलं की माणशी भाडं वाढते. विमान तेच, वेळ तीच. काहून?
२) आत्ता काढावं की थांबावं?
३) ट्रॅव्हल साइटवर कार्डाची सूट दिसून राहिली आहे. ती घ्यावी की सरळ विमान कंपनीच्या साइटवर काढावं?
४) मुलाच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर काही सुटतं का?

सोनेगाव_टर्मिनल
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, बाकीचं त्यातूनच सुटतं.

इकॉनॉमीच्या सगळ्या खुर्च्या सारख्या दिसल्या तरी एका भावाने विकत नाहीत. कंपनी त्यांचे गट पाडते, प्रत्येक गटाला एक अक्षर आणि एक भाडं. खालच्या गटातल्या संपल्या की वरचा गट सुरू. तुम्ही चौघांसाठी शोधता तेव्हा संगणक असा गट शोधतो ज्यात चारही जागा एकत्र आहेत. समजा खालच्या गटात तीनच उरल्या. मग त्या तीन कुणालाच न देता चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावला जातो. तीन स्वस्त आणि एक महाग असं तो आपणहून करत नाही.

म्हणून शोध असा घ्या: आधी १ प्रवासी, मग २, मग ३, मग ४. माणशी भाडं ज्या आकड्यावर उडी मारतं, त्याच्या आदल्या आकड्याइतक्या जागा स्वस्तात शिल्लक आहेत. तीनवर उडी आली तर २ + २ अशी दोन बुकिंगं करा. स्वस्त बुकिंग आधी पूर्ण करा आणि दुसरं लगेच त्यामागे. मध्ये चहा प्यायला उठू नका. दरम्यान कुणी एक जागा उचलली की हिशेब बदलतो.

दोन बुकिंगं म्हणजे दोन पीएनआर, आणि त्याचा त्रास तीन ठिकाणी:

मुलीचं नाव एकट्याच्या बुकिंगमध्ये टाकता येणार नाही, तिच्यासोबत त्याच पीएनआरवर मोठं माणूस हवंच.

उड्डाण रद्द झालं तर कंपनी दोन्ही पीएनआर वेगवेगळे हलवते. अर्धं घर सकाळच्या विमानात आणि अर्धं रात्रीच्या, असं होऊ शकतं. बुकिंग झाल्यावर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून एका पीएनआरवर दुसऱ्याची नोंद करून घ्या. तरी हमी नाही, फक्त बोलताना सोपं पडतं.

फुकटातल्या जागा शेजारी मिळतीलच असं नाही. वेब चेक-इन सुरू झाल्या झाल्या दोन्ही एकाच वेळी करा.

फरक माणशी दोन-तीनशेचाच असेल तर ही कसरत करू नये असं माझं मत. हजाराच्या घरात असेल तर जरूर.

हिशोबनीस_धरमपेठ
चौथा प्रश्न वरच्या उत्तराला जोडूनच घेतो, कारण तुमच्याकडे बुकिंग फोडायचं आणखी एक कारण आहे.

विद्यार्थी भाडं शोधायच्या पानावरच निवडावं लागतं आणि ते त्या शोधातल्या सगळ्यांना लागू होतं. म्हणजे आई-वडिलांसकट निवडलंत तर विमानतळावर ओळखपत्र सगळ्यांचं मागतील आणि नसलं तर फरक वसूल करतील. मुलाचं तिकीट वेगळं काढा. म्हणजे ३ + १. सूट मूळ भाड्यावर असते, करांवर नाही, त्यामुळे रक्कम पाहून निराश व्हाल. खरा फायदा सामानाचा. इंडिगो आणि एअर इंडिया, दोन्हीकडे विद्यार्थ्याला १० किलो जादा नेता येतं. येताना रिकामी बॅग असली तरी परत जाताना फराळाचे डबे आणि संत्रा बर्फी त्याच्याच नावावर टाका. वैध ओळखपत्र मूळ प्रत लागते, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.

कधी कधी विद्यार्थी भाडं साध्या भाड्यापेक्षा जास्त निघतं. हसू नका, होतं तसं. साध्या भाड्यावर सेल चालू असला तर तो विशेष भाड्यांना लागू नसतो. दोन्ही शोध घेऊन शेवटच्या पानावरची रक्कम ताडून पाहा.

९ वर्षांच्या मुलीला जवळपास पूर्ण भाडं पडेल, कारण तिला स्वतंत्र खुर्ची लागते. सवलतीचं ठरावीक शुल्क फक्त २ वर्षांखालच्या, मांडीवरच्या बाळाला.

आता कार्डाची सूट. तुलना पहिल्या पानावर करूच नका. पैसे भरायच्या आधीच्या पानापर्यंत जा आणि मगच आकडा कागदावर लिहा. वाटेत हे वाढतं: सुविधा शुल्क, आणि तेही माणशी. म्हणजे चौघांच्या जाण्यायेण्याचं आठ वेळा. मग आधीच टिक केलेला विमा, 'मोफत रद्द' योजना, खुर्चीचे पैसे, एखाद्या देणगीची दहा रुपयांची टिक. कार्डाच्या सूटीला किमान रकमेची अट असते आणि कमाल मर्यादाही. '१२ टक्के' वाचून खूश होऊ नका, 'कमाल इतके रुपये' वाचा. महिन्यातून एकदाच, ठरावीक वारीच, असंही असतं. बुकिंग फोडलंत तर दुसऱ्या बुकिंगला सूट लागणार नाही, हेही धरा.

माझा नियम: सगळं वजा जाऊन ट्रॅव्हल साइट माणशी चार-पाचशेने स्वस्त पडत नसेल तर सरळ कंपनीकडून घ्या. बदल करायची वेळ आली की साइटचं शुल्क वेगळं आणि कंपनीचं वेगळं.

खामला_चौक
३ + १ चं डोक्यात नव्हतं, धन्यवाद. थांबावं की काढावं ते राहिलं. आणि एक: दोन दिवस पाहून राहिलो, दरवेळी भाव चढतेच. मोबाइल ओळखून वाढवतात म्हणतात, खरं आहे का? सरकारची काही मर्यादा नसते का बाप्पा?

सोनेगाव_टर्मिनल
मोबाइल ओळखून वाढवतात म्हणून गुप्त विंडोत शोधायचं, हा सल्ला सगळीकडे फिरतो. भाडं कंपनीच्या साठ्यातून येतं. तुमच्या दोन शोधांमध्ये खालच्या गटातली जागा विकली गेली की आकडा वर जातो, मग कोणत्याही विंडोत पाहा. तुलना करणाऱ्या साइटवर जुना आकडा काही वेळ तसाच राहतो, क्लिक केल्यावर खरा दिसतो. त्यालाच लोक 'पाहता पाहता वाढलं' म्हणतात. तसंच मंगळवारी तिकीट काढलं की स्वस्त, हेही सोडा. मंगळवारी, बुधवारी *उडालं* की स्वस्त, हे मात्र बहुतेक वेळा खरं.

सरकार एरवी देशांतर्गत भाडं ठरवत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली तेव्हा तात्पुरती कमाल मर्यादा घातली होती: ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किमीला १२,०००, कर वेगळे. पुणे–नागपूर दुसऱ्या टप्प्यात मोडतं. त्या बारा हजाराच्या आकड्यावरूनच समजा, दिवाळीत सरकारकडे पाहून उपयोग नाही.

कधी काढावं: सणाच्या तारखांना स्वस्त गट मुळातच छोटे ठेवतात, काही उघडतच नाहीत. त्यामुळे 'शेवटच्या आठवड्यात उतरेल' ही आशा दिवाळीत धरू नका. फार आधी, पाच-सहा महिने, हेही नेहमी फायद्याचं नसतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी वेळापत्रक लागतं. दिवाळी त्यानंतर आली तर आधी दिसणारी वेळ बदलू शकते आणि जादा उड्डाणं नंतर येतात. एकच विमान दिसतंय म्हणून घाबरून घेऊ नका.

मी म्हणेन, गुगल फ्लाइट्सवर आत्ताच तारखा टाकून 'ट्रॅक प्राइसेस' चालू करा, डेट ग्रिड उघडून जाण्यायेण्याच्या तीन-तीन तारखा एकत्र पाहा, आणि दिवाळीच्या ६० दिवस आधीच्या तारखेपूर्वी काढून मोकळे व्हा. ६० का, तर रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून). पुणे–नागपूर गाड्या भरल्या की ज्यांना वेटिंग मिळतं ते विमानाकडे वळतात. त्या गर्दीच्या आधी तुमचं झालेलं बरं.

जाणं आणि येणं एकाच कंपनीचं घ्यायची गरज नाही. देशांतर्गत भाडं साधारण दोन एकेरी तिकिटांची बेरीजच असते. परदेशी प्रवासाला उलटं, तिथे दुहेरी तिकीट बरेचदा फार स्वस्त पडतं.

रेशीमबाग_९
वरचं सगळं बरोबर, पण मूळ दिशाच उलटी करून पाहिली का? दिवाळीआधी पुण्याहून नागपूरकडे येणारी विमानं भरलेली आणि नागपूरहून पुण्याकडे जाणारी अर्धी रिकामी. भाऊबीजेनंतर याच्या उलट. नागपूरची मोठी माणसं हिंडती-फिरती असतील तर त्यांनाच पुण्याला बोलवा. दोघांचं जाणं-येणं दोन्ही वेळा स्वस्त दिशेने होतं आणि चौघांची महाग तिकिटं वाचतात. घरची दिवाळी घरी व्हायला पाहिजे हा मुद्दा वेगळा, त्यावर मी बोलत नाही.

यायचंच असेल तर नवी मुंबई विमानतळही शोधा. डिसेंबर २०२५ ला सुरू झाला, पनवेलजवळ, कोड एनएमआय. 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळ एकत्र येतात, वर कोड पाहूनच बुक करा. वाकड-हिंजवडीकडे राहत असाल तर द्रुतगती मार्ग दाराशी आहे. हडपसर-खराडीकडे असाल तर लोहगावच बरं. चौघांच्या टॅक्सीचे पैसे आणि टोल धरूनच फरक काढा. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी खंडाळा घाटात अडकायला होतं, त्यामुळे विमानाच्या पाच तास आधी घर सोडा. हे जमणार नसेल तर तो पर्याय विसरा.

आणि पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत आहेच, साधारण बारा तास, दिवसाची. चौघांपैकी दोघं रेल्वेने आणि दोघं विमानाने आले तरी काही बिघडत नाही. रेल्वेला ६० व्या दिवशी सकाळी ८ ला बसा.

हिशोबनीस_धरमपेठ
दोन गोष्टी राहिल्या.

कंपनीच्या साइटवर काढलेलं आणि प्रवास आठवड्याहून पुढे असलेलं तिकीट पहिल्या ४८ तासांत दंड न भरता रद्द करता येतं, डीजीसीएचा (विमान वाहतूक नियामकाचा) नियम आहे. दुसऱ्या दिवशी भाडं उतरलं तर रद्द करून पुन्हा घ्या. फक्त सुविधा शुल्क परत येत नाही आणि परतावा खात्यात यायला दिवस लागतात, म्हणजे तेवढे पैसे दोनदा अडकवायची तयारी हवी. त्यानंतर रद्द केलंत तर दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत द्यावेच लागतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं आणि तुम्ही पोहोचलाच नाहीत तरी. आपणहून बहुधा येत नाहीत, कंपनीच्या साइटवर अर्ज करा.

एअर इंडिया एक्स्प्रेसचं 'लाइट' भाडं दिसलं तर त्यात चेक-इन बॅग नसते. फराळ घेऊन जाणाऱ्याने ते घेऊ नये. जादा वजन लागणार असेल तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं. लोणचं आणि तूप केबिन बॅगेत अडवतात, चेक-इनमध्ये टाका. अख्खं सुकं खोबरं चेक-इनमध्येही नको.

सोनेगाव_टर्मिनल
एजंटकडून काढलं तरी मोबाइल आणि ईमेल *तुमचा* टाकायला लावा. बरेच जण स्वतःचा टाकतात, मग वेळ बदलल्याचा मेसेज त्यांच्याकडे जातो आणि तुम्ही जुन्या वेळेवर लोहगावला. कंपनीनेच वेळ बरीच बदलली असेल तर फुकटात दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. इंडिगोच्या साइटवर त्यासाठी 'प्लॅन बी' नावाचं पान आहे, पीएनआर टाकला की झालं. दोन पीएनआर असतील तर आधी दोन्हींसाठी तेच विमान दिसतंय का पाहा, मगच पहिला बदला.

खामला_चौक
३ + १ आणि परतीला वेगळी कंपनी, असं ठरवलं. आई-बाबांना पुण्याला बोलवायचंही विचारतो, पण बाबा म्हणतील, दिवा नागपुरातच लागला पाहिजे.