१९८६ मध्ये ४०० यार्डांत इंटरनेट ठप्प कसं झालं?

जिज्ञासू: ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर ४०० यार्ड, मध्ये दोनच टप्पे. लाइन तुटली असती तर वेग शून्य झाला असता. मग घोळ कुठे होता?

राउटरवाला: लाइन भरलेलीच होती, पण तोच तोच माल वाहत होती. टीसीपीत, म्हणजे माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत पोहोचवण्याच्या इंटरनेटच्या नियमांत, पॅकेटची पोच ठरलेल्या वेळेत आली नाही, तर ते हरवलं असं धरून पुन्हा पाठवतात. गर्दीत मात्र पॅकेट बऱ्याचदा राउटरच्या (पॅकेटं पुढे पाठवणाऱ्या वाटेतल्या यंत्राच्या) रांगेत नुसतं ताटकळत असतं. त्याची दुसरी प्रत त्याच रांगेत येते, रांग वाढते, पोच आणखी उशिरा येते, की तिसरी प्रत. आगीत तेलच. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये आरएफसी ८९६ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात हा धोका स्पष्ट लिहिला होता.

विंडो१०: मुळात टायमर चुकीचा होता. सरासरी फेरीवेळेच्या (पॅकेट जाऊन पोच परत यायला लागणाऱ्या वेळेच्या) दुप्पट थांबायचं, एवढाच हिशोब. गर्दी वाढली की सरासरीपेक्षा चढउतार जास्त वाढतात, ते यात धरलेच नव्हते. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी चढउतार मोजायला घेतले. आजचं सूत्र: सरासरी अधिक चढउताराच्या चौपट.

दुसरा उपाय स्लो स्टार्ट. आधी एकच पॅकेट सोडायचं, मग प्रत्येक पोचेमागे विंडो, म्हणजे पोच यायच्या आत एका वेळी सोडायच्या पॅकेटांची संख्या, एकाने वाढवायची. पॅकेट गळालं की तेव्हाच्या विंडोच्या निम्म्यावर मर्यादा ठेवून पुन्हा एकपासून सुरुवात; मर्यादा गाठल्यावर फेरीला एकच पॅकेट वाढ. १९८८ च्या ४.३बीएसडी टाहो या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे आलं. राउटरला हात न लावता, फक्त दोन टोकांच्या संगणकांत बदल करून नेटवर्क सावरलं, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

जिज्ञासू: पण एकेक वाढवत गेलं तर फार वेळ नाही लागणार?

विंडो१०: नावामुळे गल्लत होते. पोच प्रत्येक पॅकेटची येते, म्हणून दर फेरीला विंडो दुप्पट होते. आता सुरुवात साधारण १० पॅकेटांनी होते. १,४६० बाइटांची ७० पॅकेटं, म्हणजे सुमारे १०० केबी, १०, २० आणि ४० अशी तीन फेऱ्यांत जातात. फेरीवेळ १०० मिलिसेकंद असेल तर जोडणी झाल्यावर साधारण ३००. पहिल्या १४ केबीत पानाचा महत्त्वाचा भाग बसवा म्हणतात ते याचसाठी.

राउटरवाला: एक मर्यादा सांगतो. वायफायवर सिग्नलमुळे पॅकेट गळालं तरी टीसीपी बऱ्याचदा ती गर्दीच समजतं आणि वेग उगाच कमी करतं. अशा वेळी बँडविड्थ वाढवून उपयोग नसतो, आधी गळती शोधा.