क्लबहाउसला पीएस फाइव्ह कशाला? (सोसायटी ग्रुप, शनिवार १५ नोव्हेंबर २०२५)

जोशी काका (ए-४०२), सकाळी ८:१४
सर्वांना सुप्रभात. कमिटीच्या इतिवृत्तात 'क्लबहाउस – गेमिंग उपकरण – रु. ५५,०००' अशी एक ओळ शेवटी दडवलेली आढळली. हे उपकरण म्हणजे पीएस फाइव्ह, सोनीचं प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, असा खुलासा वॉचमनने केला. वॉचमनला माहीत, सभासदाला नाही. असो. कॅरमची राणी गणपतीपासून गायब आहे. ती आणायला कमिटीला सवड नाही.

पाटील (सेक्रेटरी), ८:३१
काका, तो फक्त प्रस्ताव आहे. गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून २८ हजार, बाकी हौशी मेंबर्स घालणार. इतिवृत्त पूर्ण वाचावे ही नम्र विनंती 🙏

तावडे (सी-२०२), ८:३३
टाकी धुतल्याची पावती ग्रुपवर टाकावी.

जोशी काका, ८:३६
पूर्ण वाचलं. दोनदा. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या आहेत, हव्या असल्यास पाठवतो.

वैशाली कुलकर्णी (बी-३०४), ८:४०
पण गेमिंगवर सरकारने बंदी घातली ना? उगाच सोसायटीवर केस व्हायची.

ओंकार भिडे (बी-७०१), ८:४४
वैशालीताई, ऑगस्टमध्ये कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सविरुद्ध. रमी, फँटसी टीम वगैरे. हे आपण विकत घेऊन टीव्हीवर खेळणार. यात कुणाचे पैसे बुडत नाहीत.

जोशी काका, ८:४५
५५ हजार बुडताहेत की.

साने नाना (ए-१०१), ८:४५
😂😂

ओंकार भिडे, ८:५८
काका, किमतीबद्दल मी तुमच्याच बाजूचा. पीएस फाइव्ह आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता. २०२२ मध्ये ५४,९९० झाला, तो तिथेच बसलाय. यंत्र जुनं झालं की भाव उतरतो, हा आमच्या लहानपणापासूनचा नियम होता. दोन वर्षं थांबायचं, मग बाबांना पटवायचं. या पिढीत उलटं झालं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरिज एक्स अमेरिकेत ५०० डॉलरला आला होता, यंदा दोनदा वाढून ६५० वर गेला. पाच वर्षं जुना माल, नव्याहून महाग. आता थांबून फायदा नाही, एवढंच माझं म्हणणं.

जोशी काका, ९:०२
आमचा फ्रिज १९९८ चा आहे. तोही आता महाग करून विकावा म्हणतो.

तावडे, ९:०३
टाकी धुतल्याची पावती ग्रुपवर टाकावी.

ऋतुजा (सी-१०३), ९:१०
ओंकारदादा, पण पीएसच का? तुमच्याकडे तो आहे म्हणून?

ओंकार भिडे, ९:२६
रास्त प्रश्न, टोमण्यासकट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक्सक्लुझिव्ह म्हणजे एकाच कंपनीच्या यंत्रावर चालणारा गेम. 'हेलो' हवा तर एक्सबॉक्स, 'गॉड ऑफ वॉर' हवा तर प्लेस्टेशन. यावरून आम्ही होस्टेलवर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. ते भांडण आता मिटल्यात जमा आहे. मायक्रोसॉफ्टने गेल्या वर्षी आपले चार गेम दुसऱ्यांच्या यंत्रांवर सोडले, तेव्हा लोक म्हणाले, किरकोळ आहेत. यंदा एप्रिलमध्ये 'फोर्झा होरायझन ५' पीएसवर आला, ऑगस्टमध्ये 'गिअर्स', आणि मागच्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं की 'हेलो'सुद्धा २०२६ मध्ये पीएस फाइव्हवर येणार. पुण्यातलं दुकान दुपारी एक ते चार उघडं दिसावं, तसं वाटलं मला. मग नुसत्या एक्सबॉक्सवर पैसे का घालायचे?

ऋतुजा, ९:३१
सोनीचे गेमही पीसीवर येतातच की. म्हणजे तुमच्याच हिशोबाने पीएसचंही कारण संपलं.

ओंकार भिडे, ९:३४
येतात, पण शिळे. 'स्पायडरमॅन २' ऑक्टोबर २०२३ चा, पीसीवर उगवला जानेवारी २०२५ मध्ये.

ऋतुजा, ९:३६
शिळी पोळी कुस्करून छान लागते 😌 आणि आपला माल कुणाला न देणारी एकच कंपनी उरलीय, निन्टेन्डो. मारिओ आता दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर दिसतो का? त्यांचा स्विच २ घ्या. जूनमध्ये आलाय. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' एकाच टीव्हीवर चौघं खेळतात. तुमचा तो नवीन 'घोस्ट ऑफ योतेई' एकटा खेळणार आणि अकरा जण बघणार.

सौ. भिडे (बी-७०१), ९:३८
अकरा नाही, एकच बघते. मी. दोन ऑक्टोबरपासून.

साने नाना, ९:३८
😂😂😂

ओंकार भिडे, ९:५२
मान्य. 'योतेई'वर माझा जीव आहे. १६०३ चा जपान, गवतातून वारा रस्ता दाखवतो, नकाशा उघडावा लागत नाही. पण तो घरी, रात्री, दार लावून. क्लबहाउसला एकाच सोफ्यावर बसून खेळायचे गेम हवेत हेही मान्य. आणि खरं सांगू, स्विच २ या कामाला जास्त चांगला आहे. अडचण अशी की निन्टेन्डो भारतात अधिकृत विकतच नाही. सगळा माल बाहेरून आलेला. बाहेरून आणलेलं एक यंत्र मी पूर्वी घेतलं होतं, नाव नको. सहा महिन्यांत कंट्रोलरची डावी काडी बिघडली. हात न लावता माणूस आपोआप डावीकडे चालायचा, चालत जाऊन दरीत पडायचा. दुकानदार म्हणाला, वॉरंटी दुबईची आहे. सोसायटीच्या पैशात असं झालं तर काका मला दरीत टाकतील.

जोशी काका, ९:५५
डावी काडी नाही, डावा सभासद पाठवू.

साने नाना, १०:०१
फॉरवर्डेड: *पीएस ५ प्रो घ्या, सर्वात दमदार कन्सोल!!* घ्यायचाच तर हा घ्या ना मग.

ओंकार भिडे, १०:०४
नाना, तो आपल्याकडे आणलाच नाही त्यांनी. त्याचं वायफाय सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं, त्याला इथे परवानगी नव्हती. शिवाय डिस्क घालायची खाचच नाही त्याला.

पाटील (सेक्रेटरी), १०:०६
कृपया विषयाला धरून बोलावे.

तावडे, १०:०६
टाकी धुतल्याची पावती ग्रुपवर टाकावी.

मंजिरी देशमुख (ए-३०३), १०:११
मी आर्यन, आईच्या फोनवरून. जीटीए ६ खेळायचा तर पीएस किंवा एक्सबॉक्सच लागेल, पीसीचं त्यांनी काही जाहीरच केलं नाहीये. १९ नोव्हेंबर २०२६ पक्कं.

ओंकार भिडे, १०:१३
आर्यन, आधी २०२५ पक्कं होतं. मग २६ मे २०२६ पक्कं झालं. मागच्या आठवड्यात हे नवीन पक्कं आलंय. पाचवा आला २०१३ मध्ये, तू बालवाडीत होतास.

जोशी काका, १०:१५
हे कोणी बिल्डर आहेत का?

साने नाना, १०:१५
😂 ताबा दसऱ्याला देतो म्हणाले असतील.

मंजिरी देशमुख, १०:२२
मी मंजिरी. आर्यनचा बारावीचा क्लास चालू आहे असा माझा समज होता. फोन आता माझ्याकडेच राहील. आणि तो गाड्या चोरायचा गेम क्लबहाउसमध्ये येणार असेल तर माझा विरोध नोंदवून घ्या.

ओंकार भिडे, १०:२५
मंजिरीताई, नाही येणार. पाचव्याच्या डब्यावरच १८ छापलंय. मी स्वतः आणू देणार नाही.

ओंकार भिडे, १०:४१
मुद्द्यावर येतो. डिजिटल, म्हणजे डिस्कची खाच नसलेलं, मॉडेल स्वस्त आहे, पाटीलसाहेब तेच बघताहेत. ते घेऊ नका. मोठा नवीन गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. डाउनलोड केला तर तो त्या एका खात्याला चिकटला, ना देता येतो ना विकता. डिस्क हातोहात फिरते. माझ्याकडे १९ आहेत, सी विंगमधल्या मुलांकडे सात-आठ असतील. काका, तुम्ही दिवाळी अंकांची साखळी चालवता ना? बारा घरं, बारा अंक, दर चार दिवसांनी पुढच्या दारात. अगदी तसंच, वहीत नोंद करून. स्विच २ मध्ये तर आता काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती किल्ली. कार्ड लावा आणि तरी इंटरनेटवरून उतरवा. अंक आणला आणि आत फक्त मुखपृष्ठ.

जोशी काका, १०:४७
साखळीचा विषय निघालाच आहे म्हणून. बी-६०३ कडे दोन अंक अकरा दिवस अडकले आहेत. नाव घेत नाही.

बापट (बी-६०३), १०:४९
नाव घ्यायचं काय बाकी ठेवलं? घरी पाहुणे होते. एक अंक तर मला तेलाच्या डागासकट मिळाला. त्याची नोंद आहे का वहीत?

वैशाली कुलकर्णी, १०:५०
डाग माझ्याकडे यायच्या आधीपासून होता.

साने नाना, १०:५१
चकली होती. सॉरी.

ऋतुजा, १०:५८
'राजी' आणा निदान. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० चा. डोंबाऱ्याची पोर भावाला सोडवायला राक्षसांशी लढते. गंमत म्हणजे तो आधी स्विचवरच आला, बाकीकडे नंतर 😛

जोशी काका, ११:०२
पुण्यात झाला? मग पेपरात कसं नाही आलं?

ऋतुजा, ११:०३
आलं असेल काका. तुम्ही शब्दकोडं सोडवत असाल.

वैशाली कुलकर्णी, ११:१०
कोजागरीला ओंकारने पीएस खाली आणला होता तेव्हा आमच्या सासूबाईंनी कंट्रोलर हातात घेतला होता. तो छोटा रोबोट छत्री घेऊन पावसात जातो आणि कंट्रोलर थेंबाथेंबाला थरथरतो ना, ते. म्हणाल्या, "अगो, हाताला थेंब लागतायत." मग चष्मा वर करून कंट्रोलर उलटा करून बघितला, ओला झालाय का. दूध निवून साय आली तरी सोडेनात. नंतर दोन दिवस विचारत होत्या, तो भिजरा मुलगा पुन्हा कधी येणार.

ओंकार भिडे, ११:१२
'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम'. प्रत्येक पीएस फाइव्हमध्ये फुकट असतो तो.

जोशी काका, ११:१९
कोजागरीला रात्री एक वाजेपर्यंत आरडाओरडा होता. तो आजींचा होता हे आज कळलं.

वैशाली कुलकर्णी, ११:२०
थोडा त्यांचाही होता 🙏

पाटील (सेक्रेटरी), ११:३०
उद्या सकाळी ११ वाजता क्लबहाउसमध्ये चर्चा. ओंकारने यंत्र आणावे. ऋतुजाने कुणाचा स्विच मिळाला तर आणावा. जोशी काकांनी अध्यक्ष व्हावे अशी विनंती.

जोशी काका, ११:३४
येईन. कॅरमची राणी घेऊन यावी, मग बोलू.

मंजिरी देशमुख, ११:३६
राणी आमच्या घरी सापडली. आर्यनच्या कंपासपेटीत. क्षमस्व.

तावडे, ११:३७
टाकी धुतल्याची पावती ग्रुपवर टाकावी.

पाटील (सेक्रेटरी), ११:५२
📷 फोटो

तावडे, ११:५४
ही मागच्या वर्षीची आहे.