जळगावात मोठ्या माणसांचा बेसबॉल : या वेळी मोसम पाचव्या रविवारी बंद पडू नये म्हणून सल्ला हवा

केळीबाग_रावेर :
मंडळी, सल्ला पाहिजे. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आम्ही तिशी ते पन्नाशीतली पन्नास-पंचावन्न माणसं. डाळमिलवाले, बँकेतले, दोन डॉक्टर, एक एसटीचा कंडक्टर आणि माझ्यासारखे तीन-चार केळीवाले. निम्मे जण कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले, उरलेले जन्मभर टेनिस बॉल क्रिकेट. गेल्या दिवाळीनंतर टूम निघाली की दर रविवारी जळगावात बेसबॉल खेळायचा. चार संघ पाडले, टी-शर्ट छापले, चौकात फ्लेक्ससुद्धा लागला. पाचव्या रविवारी गाशा गुंडाळला.

कशामुळे, ते प्रामाणिकपणे सांगतो. पुस्तकात आहे म्हणून आम्ही नऊ इनिंग ठेवल्या. पहिल्याच सामन्यात चौथी इनिंग चालू होती आणि साडेतीन तास होऊन गेले होते. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) चेंडू बॅटरपुढच्या प्लेटवरून जाईचना. असा बाहेरून गेलेला चेंडू म्हणजे बॉल. चार बॉल झाले की वॉक, म्हणजे बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, धावायच्या पहिल्या थांब्यावर. परत चार बॉल, परत वॉक. एका इनिंगमध्ये तर बॅटला चेंडू न लागता सात रन झाले. आउटफिल्डमधला एक गडी चक्क खाली बसून मोबाइलवर केळीचे भाव बघत होता (मीच तो). मग माणसं गळायला लागली. कोणाची कापूस वेचणी, कोणाच्या साडूच्या मुलाचं लग्न. एकदा नववा गडी म्हणून चहावाल्याला उभं केलं. त्यात आमचा सगळ्यात चांगला पिचर तिसऱ्या रविवारी खांदा धरून बसला, पुढे महिनाभर त्याला केस विंचरता येत नव्हते.

आता परत उचल खाल्लीय. गंगाजळीत ८०,००० रुपये आहेत. आधी काय घ्यावं? सामना किती इनिंगचा? आणि माणसं टिकवायची कशी?

भुसावळ_फलाट_४ :
पन्नाशीत विंचरायला केस होते, यातच सगळं आलं आप्पा.

बाकी आम्हा रेल्वेवाल्यांना घेणार असाल तर एक आधीच सांगतो. रनिंग स्टाफला रविवार हा वार नसतो, रोस्टर असतो. आमच्यातले पाच जण यायला तयार आहेत, पण "दर रविवारी हजर" अशी अट असेल तर आमचा रामराम.

शेवभाजी_डबल :
साधं क्रिकेट खेळा ना राव. बॅट पण आहे, बॉल पण आहे, नियम पोरासोरांना पाठ.

केळीबाग_रावेर :
शेवभाजी भाऊ, क्रिकेटमध्ये पंचेचाळिशीच्या माणसाला अकराव्या नंबरला घालतात आणि फाइन लेगला विसरून जातात. इथे निदान दर दोन इनिंगनी हातात बॅट येते. म्हणून.

चोपड्याचा_न्यूजर्सीत :
काय करी ऱ्हायनात भाऊ! धागा वाचून जीव सुखावला. मी इथे सहा वर्षं मोठ्यांच्या हौशी लीगमध्ये खेळतोय, वय ४३, बॅटिंग यथातथाच. इथलेही कोणी मोठे खेळाडू नाहीत. प्लंबर, शिक्षक, वकील, असेच. त्यांचा मोसम बंद पडत नाही, कारण नियम त्यांनी आपल्या वयाला आणि घरच्या कटकटींना बेतून घेतलेत. टीव्हीवर दिसतो तो बेसबॉल ते खेळतच नाहीत.

पहिलं म्हणजे नऊ इनिंग विसरा. सात ठेवा आणि वर घड्याळ लावा. दोन तास झाले की नवी इनिंग सुरू करायची नाही. पाच इनिंगनंतर दहा रनांचा फरक असेल तर तिथेच हात मिळवायचे.

दुसरं, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं : आले तितके सगळे बॅटिंग करणार. बारा आले तर बाराचा क्रम, चौदा आले तर चौदाचा. मैदानावर नऊच उभे राहतील, पण त्यांची अदलाबदल कितीही वेळा करा, बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो. माणूस पन्नास किलोमीटरवरून येऊन बाकावर बसला तर पुढच्या रविवारी तो येत नाही. आणि एका संघात चौदा-पंधरा नावं असली की रेल्वेवाल्यांचा प्रश्नही सुटतो. कोणी ना कोणी गैरहजर असणार हे धरूनच यादी करायची.

तिसरं, पैसे मोसमाआधी. नंतर देतो म्हणणारा नंतर येतही नाही.

वॉकचं दुखणं : प्रत्येक बॅटरची सुरुवात एक बॉल, एक स्ट्राइक (नीट प्लेटवरून आलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला चेंडू) अशी करा. म्हणजे आणखी तीन बॉलला वॉक, आणखी दोन स्ट्राइकला आउट. बॅटरला वाट बघत उभं राहायची सोय उरत नाही, तो बॅट फिरवतो. सामना केवढा पळतो ते बघाच.

अमळनेर_सातदगडी :
पण अंतर किती ठेवलं होतं? ते कोणी विचारलंच नाही.

केळीबाग_रावेर :
पुस्तकातलंच. पिचर ते प्लेट ६० फूट ६ इंच, दोन बेसमध्ये ९० फूट.

सात_नंबर_धुळे :
तिथेच गाडं अडलं.

मी सॉफ्टबॉलवाली. बारा वर्षं शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) खेळले, राज्य स्पर्धाही. आता शाळेत मुलींना शिकवते. दादा, सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात आणि बायकांचा पिचर ४३ फुटांवरून टाकतो, पुरुषांचा ४६ वरून. तुमचे निम्मे गडी त्या अंतराला सरावलेले, तेही वीस वर्षांपूर्वी. त्यांना एकदम साठ फुटांवर नेऊन उभं केलंत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतच एक मधलं माप आहे, पिचिंग ५४ फूट आणि बेस ८० फूट. ते घ्या आणि लाज वाटून घेऊ नका. फक्की मारणाऱ्याशिवाय कोणाला कळणारसुद्धा नाही.

आता पिचर. तुमचा पिचर सॉफ्टबॉलचा जुना पिचर होता का? असणारच. सगळे हीच चूक करतात. सॉफ्टबॉलचा पिचर खालून टाकतो, बेसबॉलचा वरून. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही. त्याऐवजी तुमचा जुना कॅचर (प्लेटमागे बसणारा, क्रिकेटच्या कीपरसारखा) किंवा शॉर्टस्टॉप शोधा, ज्याने आयुष्यभर वरूनच फेकलंय. क्रिकेटवाल्यांतही फास्ट बोलर नको, त्याचा हात कोपरात सरळ ठेवायला शिकलेला असतो. सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात फेकणारा गडी असतो ना, तो घ्या.

खांदा मात्र एका दिवसात जात नाही. सोमवार ते शनिवार हात हलवायचा नाही आणि रविवारी थेट शंभर चेंडू, मग दुसरं काय होणार? आठवड्यात दोनदा, मेहरूण तलावावर फिरायला जाता तेव्हाच, दोघादोघांनी वीस मिनिटं फेकाफेक करा. ३० फुटांपासून सुरू, मग ६०, मग ९०, परत जवळ. रविवारी एका पिचरचे ६० चेंडू झाले की बदला. आणि पिचिंग झालेल्याला त्याच दिवशी कॅचर करू नका. कॅचर पिचरइतकाच फेकतो, ते कोणी मोजत नाही. दुखलं तर बर्फ लावून परत टाकायचं नाही, फिजिओ गाठायचा.

केळीबाग_रावेर :
ताई, साष्टांग. आमचा पिचर खरोखरच सॉफ्टबॉलचा जुना पिचर होता.

शेवभाजी_डबल :
८०,००० चं काय ते सांगा की. मला पैशात रस आहे.

चोपड्याचा_न्यूजर्सीत :
आधी कॅचरचे दोन पूर्ण संच. मुखवटा (घशाची पट्टी असलेला), छातीचं कवच, पायाचे पॅड, आणि गार्ड ज्याचा त्याने. क्रिकेटच्या पॅडवर भागवू नका, ते बांधून उकिडवं बसताच येत नाही. बेसबॉलचे पॅड गुडघ्यात वळतात. मग बॅटरसाठी चार हेल्मेट, कान झाकणारी.

ग्लोव्ह सगळ्यांना घेऊन द्यायची गरज नाही. १९५३ पर्यंत इथले व्यावसायिक खेळाडूसुद्धा ग्लोव्ह मैदानावरच टाकून बॅटिंगला जायचे. तुम्ही तेच करा, एका संघाने ठेवले की दुसऱ्याने घालायचे. इनफिल्डला साडेअकरा इंची, आउटफिल्डला साडेबारा. डावखुरे मोजून त्यांच्यापुरते वेगळे घ्या, कारण त्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. मोसम टिकला तर पुढच्या वर्षी जो तो आपापला घेईलच, ती एक खाजच असते.

बॅट दोन अ‍ॅल्युमिनियमच्या, बस. लाकडी सुंदर वाजते, पण मुठीजवळ चेंडू बसला की गेली. टी-शर्ट तर शेवटी.

भुसावळ_फलाट_४ :
बॅटिंगच्या सरावाला तो उभा दांडा लागतो ना, चेंडू वर ठेवून मारायचा? तो विकत घेणाऱ्या जळगावकराला दंड करा. पाइपच्या गावात राहता! दीड इंची पीव्हीसीचा तुकडा, खाली पाया म्हणून जोडाचे तुकडे, वर ट्रॅक्टरच्या रबरी नळीचं टोक. झालं.

अमळनेर_सातदगडी :
मागे चेंडू अडवायला शेडनेट बांधू का? रोपवाटिकेतली जुनी पडून आहे.

केळीबाग_रावेर :
तो प्रयोग गेल्या वर्षी झालाय. चौथ्या फाउलला (बॅटला लागून मागे उडालेल्या चेंडूला) फाटली. आता नायलॉनची जाळी घेतोय, बांबू केळीला टेकू द्यायचे माझेच आहेत.

सात_नंबर_धुळे :
मैदान कसलं आहे? काळी माती असेल तर डिसेंबरात भेगा पडतात, चेंडू कुठे उडेल सांगता येत नाही. मुरूम असेल तर स्लाइड (बेसवर घसरत जाणं) बंद करा, पुरुषांना ऐन वेळी शौर्य सुचतं. बेसवर फिल्डर उभा असताना धडक दिली तर धावणारा आउट, असा नियमच लिहा. फर्स्टला दुहेरी बेस ठेवा, पांढरा भाग फिल्डरचा, नारिंगी धावणाऱ्याचा. क्रिकेटवाल्यांना फर्स्टच्या पलीकडे पळत जाता येतं हेच माहीत नसतं. ते तिथे करकचून थांबतात आणि मांडी धरतात. आणि हवेत चेंडू उडाला की ते सुसाट सुटतात. झेल झाला तर परत येऊन बेसला पाय लावावा लागतो, हे पहिल्या रविवारी खडूने लिहून दाखवा.

आणि प्लेट कुठल्या दिशेला मांडलीत?

केळीबाग_रावेर :
नियमात आहे तशी. प्लेटवरून सेकंड बेसकडे बघितलं की पूर्वेच्या अंगाला.

सात_नंबर_धुळे :
अहो, ते दुपारच्या सामन्यांसाठी, बॅटरच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून! तुम्ही सकाळी साडेसातला खेळता. म्हणजे तुमचा बॅटर उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा होता. त्याला चेंडू दिसतच नव्हता. वॉक का मिळत होते ते आत्ता कळलं, तो बॅट फिरवणार कशाला? उत्तरेकडे तोंड करा. थर्डवाल्याला फर्स्टकडे फेकताना थोडा त्रास होईल, तो सोसेल.

केळीबाग_रावेर :
यावर मी काही बोलत नाही.

चोपड्याचा_न्यूजर्सीत :
अंपायर कसे करताय?

केळीबाग_रावेर :
जे संघ त्या वेळी खेळत नसतील त्यातले दोघे. पण प्लेटमागे उभं राहायला कोणी धजत नाही.

चोपड्याचा_न्यूजर्सीत :
मग पिचरच्या मागे उभं राहायचं. कॅचरच्या सामानाचा तिसरा संच वाचतो आणि स्ट्राइक तिथूनही नीट दिसतो. अंपायरशी फक्त कप्तान बोलणार, हे मात्र पक्कं करा.

केळीबाग_रावेर :
ठरलं. चार संघ, प्रत्येकाशी दोन-दोन, म्हणजे १२ सामने. दर रविवारी दोन, सहा रविवार. लग्नाच्या दाट तिथीचे दोन रविवार आधीच रिकामे सोडलेत, कारण गेल्या वर्षी मैदानावर जाऊन बघतो तर मांडव. जानेवारीत अंतिम सामना, माझ्या मळ्यात. त्या दिवशी आसोद्याची वांगी, पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेलं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. जो संघ एकही सामना न चुकवता नऊ गडी उभे करेल तो भरताला पहिल्या पंगतीत, मग हरलेला का असेना.

भुसावळ_फलाट_४ :
आता बघतो कोण रोस्टर दाखवतो ते. पाचाचे सात झाले, लिहून घ्या.

(नोव्हेंबर)

केळीबाग_रावेर :
पहिला रविवार झाला, म्हणून धागा वर काढतो. सात इनिंग, दोन तास दहा मिनिटं, ११–९. वॉक फक्त नऊ. दव होतं म्हणून पहिल्या अर्ध्या तासात चेंडू ओले होऊन जड झाले, पुढच्या वेळी आठला सुरू करू. तिन्ही पिचर धडधाकट, एक तर संध्याकाळी केस विंचरून लग्नालाही गेला. फोटो टाकलेत.

सात_नंबर_धुळे :
छान. पण तिसऱ्या फोटोत थर्ड बेसवर डावखुरा उभा दिसतोय. तिथून चेंडू उचलून फर्स्टला फेकायला त्याला पूर्ण वळावं लागतं, तेवढ्यात धावणारा पोचतो. त्याला फर्स्टला किंवा आउटफिल्डला पाठवा.

केळीबाग_रावेर :
सांगून पाहिलं ताई. पण चांगली बॅट त्याची आहे.