स्पेशिअल पूलरचे निम्मे कॉलम झोपलेत, हीटमॅप कसा वाचायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं अडलंय. जेफ हॉकिन्सच्या न्युमेंटावाल्यांचं एचटीएम (हायरार्किकल टेम्पोरल मेमरी) आहे ना, मेंदूच्या कॉर्टेक्सवरून बेतलेलं शिकणारं मॉडेल, त्यातला स्पेशिअल पूलर (चित्रागणिक मोजकेच कॉलम पेटवणारा भाग) मी घरच्या लॅपटॉपवर एमनिस्ट डेटासेटमधल्या हस्तलिखित आकड्यांवर चालवतोय. चित्रं आधी काळी-पांढरी करून घेतो. २०४८ कॉलम (पेशींसारखे पेटणारे घटक), दर चित्राला त्यातले फक्त ४० पेटतात, म्हणजे जेमतेम २ टक्के.

कुठला कॉलम किती वेळा पेटला ते मोजून ६४ बाय ३२ चा हीटमॅप काढला तर बूस्टिंग (कमी पेटणाऱ्या कॉलमांना पुढे ढकलणं) बंद असताना मूठभर कॉलम लालभडक आणि बाकी सगळा काळोख, निम्मे तर ६०,००० चित्रांत एकदाही पेटले नाहीत, फुकट पोसतोय त्यांना. मग बूस्टिंग चालू केलं तर सगळा नकाशा एकसारखा केशरी, कॉलममागे एन्ट्रॉपी (पेटणं किती समान वाटलं गेलं त्याचं माप) ०.१३७ बिट, आणि ४० च पेटणार असतील तर ती ०.१३९ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे जवळपास पैकीच्या पैकी. दोन मिनिटं खूश झालो. पण तोच एक ७ आधी दिला आणि एक एपॉक (सगळ्या चित्रांची एक फेरी) झाल्यावर परत दिला तर ४० पैकी ९ च कॉलम तेच आले! आता ही सुधारणा म्हणायची का बिघाड? आणि आधीच्या नकाशात लाल ठिपके डाव्या कोपऱ्यात जास्त होते, त्याला काही अर्थ आहे का?

प्रतिसाद:
इनहिबिशन (कुठले कॉलम पेटणार ती चुरस) ग्लोबल, म्हणजे सगळ्या कॉलमांत मिळून, ठेवलंय का? आणि कॉलम अख्ख्या चित्रातून कुठूनही जोडलेत? मग शेजार-बिजार काही नसतो, कॉलम १७ आणि १८ शेजारी दिसतात ते तुमच्या रिशेपमुळे, म्हणजे सरळ यादी ६४ बाय ३२ त मांडल्यामुळे. कोपरा विसरा, आकडे उतरत्या क्रमाने लावून साधा ग्राफ काढा. आणि नुसत्या एन्ट्रॉपीवर जाऊ नका हो, डोळे मिटून कुठलेही ४० पेटवले तरी ती फुल्लच येणार. १,००० चित्रं बाजूला काढा, दर एपॉकनंतर लर्निंग बंद करून तीच द्या आणि मागच्या वेळचे किती कॉलम जुळले ते लिहून ठेवा. नुसत्या योगायोगाने सरासरी ०.७८ च जुळतो, त्यामुळे ९ अगदीच टाकाऊ नाही, पण आकडा चढतोय का ते बघा. शिवाय दोन वेगवेगळ्या ७ ची जुळणी ७ आणि ० पेक्षा जास्त हवी. बूस्ट किती ठेवलाय?

धागाकर्ता:
ग्लोबलच आहे, जोडणीही तशीच. म्हणजे कोपऱ्यावर घातलेल्या दोन संध्याकाळी गेल्या पाण्यात 😅 बूस्ट १० होता, ३ वर आणून रात्री रन लावतो. लर्निंग चालू ठेवूनच तुलना केली होती हेही आत्ता लक्षात आलं.