मदत हवी आहे: बुडावर खांगशी बादशहाचं नाव, म्हणजे वाडगा तीनशे वर्षांचा?

नमस्कार मंडळी,
आजोबा फोर्टला एका पारशी पेढीवर कारकून होते. निवृत्त होताना शेटजींनी त्यांना चिनीमातीचा हा वाडगा दिला. आजी दिवाळीला त्यात चकल्या ठेवायची. घर आवरताना आता माझ्याकडे आलाय.

व्यास वीतभर. पांढऱ्यावर गुलाबी पिओनीची फुलं, दोन फुलपाखरं. कडेचं सोनेरी काम बरंचसं उडालंय. रंग बोटाला किंचित उंच लागतात. बुडावर लाल रंगात सहा चिनी अक्षरं, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. मोबाईलने वाचून दाखवलं: 'महान छिंग (चीनचं राजघराणं), खांगशीच्या काळात बनवलेलं'. खांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२! जुन्या वस्तूंचा एक दुकानदारही तेच म्हणाला आणि लगेच दोन हजारांना मागू लागला. तिथेच शंका आली.

नावावर किती विसंबावं? ताई तो अमेरिकेला न्यायचं म्हणतेय, चालेल का? आणि कडेचा टवका सुपरग्लूने चिकटवू का?

प्रतिसाद १
सुपरग्लू आधी खाली ठेवा!
बुडावरचं नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे. १९व्या शतकात जिंगदेझेन या चीनमधल्या चिनीमातीच्या भांड्यांच्या गावचे कारागीर खांगशीचं नाव सर्रास घालत, फसवायलाच असं नाही, जुन्या कामाचा मान म्हणूनही. गंमत म्हणजे खुद्द खांगशीच्या काळात, १६७७ साली, तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला बंदी केली होती.
तुमच्या वाडग्याची चुगली करतोय तो गुलाबी रंग. तो सोन्यापासून बनतो आणि चिनी भांड्यांवर आला खांगशीच्या अगदी अखेरीस. बहरला पुढच्या युंगचंगच्या काळात (१७२३-३५). शिवाय खांगशीकाळातलं नाव सहसा झिलईखाली, निळ्या कोबाल्टने लिहिलेलं असतं. तुमचं लाल आहे. मला तरी १९वं शतक संपतानाचा किंवा त्यानंतरचा वाटतो. बुडाच्या बिनझिलईच्या कड्याचा फोटो टाका. आणि इंग्रजीत 'चायना' लिहिलंय का बघा; १८९१पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे.

प्रतिसाद २
ताईंना थांबवा. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावशेष ठरते, ती खासगीत देशाबाहेर नेता येत नाही. पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला मिळाला तरच न्या.

धागाकर्ता
इंग्रजी अक्षर एकही नाही. कड्याचा फोटो टाकलाय, किंचित नारिंगी झाक आहे. ताईला कळवलं, फुगलीय. दुकानदाराचा सकाळी फोन होता, आता पाच हजार म्हणतोय.