शालेय बास्केटबॉल सामन्यांत तीन सेकंद: आधी आवाज द्यायचा की थेट शिट्टी?

रत्नागिरीची_शिट्टी
तालुका-जिल्हा पातळीवर १४ आणि १७ वर्षांखालच्या सामन्यांत पंच रिंगखालच्या उंच मुलाला "बाहेर ये, बाहेर ये" सांगत राहतात, शिट्टी काही वाजत नाही. हे थांबायला हवं. फिबाचा (जागतिक बास्केटबॉल संघटनेचा) नियम साधा आहे. चेंडू पुढच्या कोर्टात आपल्या संघाच्या ताब्यात, घड्याळ चालू, आणि खेळाडू समोरच्यांच्या 'की'मध्ये (रिंगखालच्या आखलेल्या भागात) सलग ३ सेकंदांपेक्षा जास्त राहिला, तर चेंडू समोरच्यांकडे गेला. सूचना देणं हे कोचचं काम. पंच ते करू लागला की अंगाने लहान बचावपटूवर सरळ अन्याय होतो.

मालवण_पोस्ट
असहमत. नियमातच सवलती आहेत. खेळाडू बाहेर पडायचा प्रयत्न करत असेल, शॉटचा चेंडू हातातून सुटत असेल, किंवा ३ सेकंद भरायच्या आत चेंडू मिळून तो शॉटसाठी ड्रिबल करत असेल, तर शिट्टी नाही. त्याने शॉट सोडून पास दिला, तर मात्र सवलत संपली.

आणि थेट शिट्टी मारणारे मोजतात कसं? घाईत "एक-दोन-तीन" दोन सेकंदांत उरकतं. "एक हजार एक, एक हजार दोन" असं मनात म्हणावं, तिसरा पूर्ण झाल्यावरच हात वर. शॉट गेला की संघाचा ताबा संपतो. आक्रमकांनी रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, रिबाउंडसाठी झगडणाऱ्या पोराला फुकट शिक्षा. उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक पासला मोजणी नव्याने धरणं. पास झाला म्हणून ती तुटत नाही.

चिपळूण_कोच
दोघेही रेषा बरोबर आहेत असं धरून चाललात. आपल्याकडच्या बऱ्याच उघड्या कोर्टांवर २०१० पूर्वीचा समलंब आकार अजून दिसतो: एंडलाइनवर (रिंगमागच्या शेवटच्या रेषेवर) ६ मीटर, फ्री-थ्रो रेषेवर (रिंगसमोरच्या, फ्री-थ्रो मारायच्या रेषेवर) ३.६०. आताची की आयताकृती, ४.९० बाय ५.८०. म्हणजे एंडलाइनजवळ मध्यापासून २.७० मीटरवर उभा मुलगा जुन्या रेषेने आत आणि नियमाने बाहेर. फ्री-थ्रोजवळ २.१० मीटरवरचा मुलगा बरोबर उलटा.

सामन्याआधी टेप घ्या. एंडलाइनच्या मध्यापासून दोन्हीकडे २.४५, रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. एंडलाइनच्या आतल्या कडेपासून फ्री-थ्रो रेषेच्या लांबच्या कडेपर्यंत ५.८०. कर्ण ७.५९ आला की कोन बरोबर. रेषा कीचाच भाग असते, म्हणून चुन्याची रेघ बाहेरच्या बाजूला फुगली की कीच रुंद होते. जाडी ५ सेंटीमीटर, जास्त नको. आणि पावसाची सर येऊन गेली की चुना पुन्हा मारायचा.

रत्नागिरीची_शिट्टी
मोजमाप मान्य, मोजणीच्या चुकाही मान्य. पण चुकीची मोजणी सुधारायची, नियम मऊ करायचा नाही. "बाहेर पडायचा प्रयत्न" म्हणजे काय, ते पायांवर ठरवा. एक पाय बाहेर टाकून परत आत ओढला तर मोजणी चालूच, कारण बाहेर गेल्याचं धरायला दोन्ही पाय बाहेर टेकावे लागतात. एंडलाइनबाहेर जाऊन पुन्हा आत शिरणं ही तर पळवाट, तिथे उल्लंघनच द्यायचं.

अलिबाग_टेबल
गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाजवळ पालक "डिफेन्सचे तीन सेकंद!" ओरडतात. तो अमेरिकेतल्या एनबीए लीगचा नियम, २००१-०२ च्या मोसमापासूनचा. फिबात बचावपटू कीमध्ये हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. थ्रो-इनच्या वेळीही (रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना) आधीपासून मोजू नका, घड्याळ सुरू व्हायचं असतं.

मालवण_पोस्ट
दोन पायांचा मुद्दा पटला. तरी शेवाळलेल्या सिमेंटवर पोरगं पाय जपून टाकतं, निघायला अर्धा सेकंद जास्त लागतो. कंबर आणि खांदे बाहेर वळलेत का ते बघा, चेंडूकडे हात पसरून थांबलाय का तेही. माझं म्हणणं एवढंच: पहिल्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांना एकेकदा, दोन मोजून झाल्यावर, "की सोड". त्यानंतर आवाज नाही.

रत्नागिरीची_शिट्टी
एकेकदाच आणि दोन्हीकडे असेल तर १४ खालच्यांसाठी चालेल. १७ च्या गटात मात्र नाही. तिथला पोस्ट (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) त्या आवाजाची वाटच बघत उभा असतो.